ओट्यावरची चार दारं

"पहिल्या दारी पीठ बाई, दुसऱ्या दारी डाळ,
तिसऱ्या दारी चहा-साखर, मुंग्यांना तू टाळ.
चौथ्या दारी ताटं-वाट्या, हळूच काढ पोरी,
घर सारं नांदतं ग ओट्याच्या शेजारी."

तो आवाज जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण माईच्या कानातून तो उतरला नव्हता. जरासा घोगरा, प्रत्येक ओळीच्या शेवटी हलकेच खाली बसणारा. माई लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्याच सकाळी तिला साखर सापडेना. ओट्यावरच्या कपाटाचं एक दार उघडावं तर पीठ, दुसरं उघडावं तर ताटल्यांचा खणखणाट. बाहेर माणसं चहाची वाट बघत बसलेली आणि हिचे कान लाल. तेव्हा सासूबाई आत आल्या. रागावल्या नाहीत. तिचा हात आपल्या हातात घेऊन त्यांनी तो एकेका दारावर टेकवला आणि स्वतः जुळवलेल्या या चार ओळी म्हणून दाखवल्या.

"पाठ कर," त्या म्हणाल्या. "डोळ्यांचं काय, डोळे चार ठिकाणी भटकतात. हाताला एकदा सांगून ठेवलं की हात विसरत नाही."

माईनं पाठ केल्या. तेव्हा चेष्टेनं केल्या. आता त्याच ओळींवर तिचं सगळं चाललं होतं.

माईच्या डोळ्यांत अंधार कडेकडेनं आत सरकत होता, तळ्यावर शेवाळ सरकावं तसा. मधे एवढंसं पाणी उघडं राहिलं होतं आणि त्यावरही धुकं. नस सुकत चालली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं धरून ठेवायला रोज थेंब घाला, चुकवू नका. "घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं होतं. "सगळे असतात," असं सांगून माई उठली होती. घरी कुणी नव्हतं. नवरा देवाघरी गेलेला, मुलगा आणि सून नोकरीसाठी दूरच्या शहरात. थेंबांची बाटली तिनं चौथ्या दाराआड, मोठ्या ताटलीच्या मागे लपवली होती. एकट्या बाईनं आपल्याच घरात कुणापासून लपवायचं, हे तिचं तिलाच ठाऊक.

पण स्वयंपाक तिचा अडत नव्हता. कारण त्या चार दारांना चार चेहरे होते आणि ते चेहरे बोटांना ओळखू येत. पहिल्या दाराची मूठ तुटली तेव्हा सासऱ्यांनी दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ खिळ्यानं ठोकून दिलं होतं. दुसऱ्याला पितळी कडी, तीही कुठल्याशा पेटीची. तिसऱ्याला माईच्या नवऱ्यानं आपल्या जुन्या कमरपट्ट्याचा तुकडा डकवला होता, आणि चौथ्याला काहीच नव्हतं, नुसतं भोक. त्यात बोट घालायचं आणि ओढायचं. शिवाय दुसऱ्या दारावर एक खळगा होता, मुलानं लहानपणी हातोडीनं पाडलेला. चौथ्या दाराची खालची कड पाण्याची वाफ लागून फुगली होती. बारा गावचं पाणी प्यालेली दारं ती. दिसायला एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं, पण माईशी सगळ्यांचं पटत होतं. लाकूड जुनं, काळपट. मागची भिंत फिकट. त्या फिकट भिंतीवर चार काळे आकार तिला अजून दिसत. तेवढं दिसलं की पुढचं हात बघून घेई.

एकदा डाळ करपली. नेमका तेव्हाच सुनेचा फोन आला.

"माई, आवाज असा का येतोय? काय झालं?"

"काही नाही गं, डाळ लागली जराशी. या स्वयंपाकघरात अंधार फार. दारं ही अशी काळीकुट्ट, काही दिसतच नाही बघ."

खोटं पचवायचं तर त्यात थोडं खरं कालवावं लागतं. माईनं कालवलं. सुनेनं मात्र तो घास जपून ठेवला.

सुट्टी लागली तशी दोघं आली. मुलाला घरात टिल्लू म्हणत. लहानपणी होता तेवढासा, आता दाराच्या चौकटीला डोकं आपटत होता, पण नाव काही वाढलं नव्हतं. सुनेनं पिशव्या खाली ठेवायच्या आधीच सांगितलं, "माई, तुमच्या स्वयंपाकघरातला अंधार घालवायला आलोय आम्ही."

माई घाईघाईनं म्हणाली,

"अगं, कशाला खर्चात पडता?"

"खर्च कसला? नवी कपाटं करायची म्हटली तर आम्हालाच विकावं लागेल. आपण जुन्यांनाच न्हाऊमाखू घालायचं. घासायचं, रंग द्यायचा, मुठी बदलायच्या, झालं."

"म्हातारीला पावडर फासून ती काय तरुण होते?"

"तरुण नाही होत," टिल्लू पिशवीतून ब्रश काढत म्हणाला, "पण लग्नाला नेता येते."

सगळी हसली. माईही हसली. त्या हसण्यात 'नको' म्हणायची वेळ निघून गेली. म्हटलं असतं तरी कारण विचारलं असतं, आणि कारण एकच होतं. ते सांगितलं की पुढचं सगळं माईला दिसत होतं, त्यासाठी डोळे लागत नव्हते. टिल्लू तिचा हात धरील. "आता पुरे, आमच्याकडे चल," म्हणेल. सून गॅसपुढे उभी राहील आणि "माई, तुम्ही बसा हो," म्हणेल. प्रेमानंच म्हणेल. प्रेम काय करतं, ते माईला ठाऊक होतं. तिनं स्वतः केलं होतं.

रंगाच्या दुकानात सून तिला सोबत घेऊन गेली. "तुमचं स्वयंपाकघर, तुमची पसंती." दुकानदारानं रंगांचा लांबच लांब पट्टा तिच्या हातात दिला.

"हे बघा आजी, यात सात पांढरे आहेत."

माईनं पट्टा डोळ्यांपुढे धरला. पांढऱ्यात पांढरं मिसळून सगळं ताक झालं होतं.

"पांढरा तो पांढरा," ती म्हणाली. "त्याला काय सात जन्म असतात?"

दुकानदार खो खो हसला. "असतात हो! हा मोत्याचा, हा दुधाचा, हा ढगाचा..."

"ढगाचा नको," माई पटकन म्हणाली. "ढग पुष्कळ झाले. तुला आवडेल तो घे गं."

सुनेनं तिचा दंड प्रेमानं दाबला. सासू पसंती आपल्यावर सोपवते याचं तिला अप्रूप वाटलं. तिनं सगळ्यांत उजळ पांढरा घेतला आणि जुन्या सामानाच्या दुकानातून, कुणाच्या तरी मोडलेल्या कपाटाच्या, चार सारख्या मुठी निवडून आणल्या. गुळगुळीत, बारीक, पांढऱ्या चिनी मातीच्या. घासाघीस करून आणल्या म्हणून तिला त्यांचा जास्तच आनंद. घरी येईपर्यंत ती त्या पिशवीत वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटं रिकामी करायला घेतली. सून एकेक वस्तू काढी, पुसे, खाली पसरलेल्या चादरीवर ठेवी. माई शेजारी उभी राहून घडी घालायचं सोंग करत फडक्यांशी चाळा करत होती. मध्येच सून थांबली.

"माई, ही बाटली कसली? डोळ्यांचं औषध दिसतंय. तेलानं नाव पुसलंय. कुणाचं हे?"

ताटलीच्या मागची बाटली. सकाळचे थेंब घालून माईनं नुकतीच जागेवर ठेवली होती.

"तुझ्या सासऱ्यांचं राहिलं असेल," माई म्हणाली.

"अगंबाई, म्हणजे किती जुनं. टाकू?"

"टाक की. काय करायचंय ठेवून?"

बाटली कचऱ्याच्या डब्यात पडल्याचा आवाज माईनं ऐकला. छोटासाच आवाज. मग टिल्लूनं दारं काढायला घेतली आणि बिजागऱ्या कुरकुरल्या, त्यात तो बुडून गेला. औषधाचं दुकान चौकाच्या पलीकडे होतं आणि ही दोघं तिला एकटीला कोपऱ्यापर्यंतही जाऊ देत नव्हती. त्यांची सुट्टी संपेपर्यंत डोळ्यांना उपवास, असं तिनं मनाशी म्हटलं. उपवासानं डोळ्यांतलं किती जाईल, याचा विचार तिनं केला नाही. केला असता तर डब्यात हात घालावा लागला असता.

दारं अंगणात विटांवर आडवी झाली. टिल्लूनं रीळ उपटलं, कडी सोडवली, पट्ट्याचा तुकडा सोलून काढला, भोकात लाकडाची खुंटी ठोकून ते बुजवलं. माई दाराशी उभी होती.

"टिल्लू, तो पट्टा राहू दे रे. तुझ्या बाबांचा आहे."

"माई, ठेवू की जपून. डबीत घालून देतो तुला."

"आणि तो खळगा... तो नको बुजवूस. तुझ्या लहानपणीची खूण आहे."

टिल्लूनं भेगा बुजवायच्या लांबीचा गोळा अंगठ्यानं खळग्यात दाबला आणि वरून पत्रा सफाईत फिरवला. "खूण कसली? तो माझा गुन्हा आहे. इतकी वर्षं तू पुरावा जपून ठेवलायस, आज नष्ट करतो."

"किती हळव्या आहात हो माई," सून म्हणाली आणि तिच्या आवाजात माया होती. मग दोघं दारं घासायला बसली. पॉलिश पेपरचा खरखर आवाज अंगणभर झाला. फुगलेली कड घासून सरळ झाली. माई ऐकत होती. तिच्या घराचा पत्ता कुणीतरी अक्षर अक्षर करून खोडत होतं, आणि ते कुणीतरी तिचंच होतं.

"माई, धूळ नाकात जाईल, तुम्ही आत बसा बरं," सुनेनं तिला हाताला धरून आत नेलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. "दोन दिवस काही करायचं नाही. नुसतं बसायचं. खूप केलंत आयुष्यभर."

खुर्ची तीच होती. हातावरचा वेत उसवलेला, बोट घातलं की अडकणारा. सासूबाईंचं बोट सतत तिथं असायचं. उसवलेला वेत त्या दिवसभर उलगडत आणि परत गुंडाळत बसायच्या.

त्यांचे डोळे गेले तेव्हा माई ऐन जोमात होती. मूल लहान, घर मोठं, कामाचा डोंगर. सासूबाईंचा हात एकदा तव्याला लागला, एकदा उकळतं दूध ओट्यावर सांडलं. माई घाबरली. नवऱ्याशी बोलली. मग एके सकाळी तिनंच त्यांच्या हातातली पळी हळूच काढून घेतली. हिसकावली नाही. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, केवढी गुणाची सून. "बसा हो आता, किती केलंत."

सासूबाई म्हणाल्या होत्या, "बरं. पण मी नुसती उभी राहते. ओट्यापाशी. काही करत नाही."

"उभ्या कशाला? लोक म्हणतील, म्हातारीला उभं करून ठेवलंय," असं माई हसून म्हणाली होती, आणि त्यांना खुर्चीत बसवलं होतं.

सुरुवातीला खुर्चीतून आवाज येई. "आज काय केलंस? फोडणी जरा मागे राहिली का गं? वासावरून वाटतंय." माई घाईत असे. "हो हो," म्हणे. मग आवाज कमी झाला. मग बंदच झाला. एकदा दुपारी सगळे झोपलेले असताना माईला स्वयंपाकघरातून पुटपुटणं ऐकू आलं. सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, दाराच्या रिळावर तळवा टेकून, ताप बघायला लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तसा. "पहिल्या दारी पीठ बाई..." माईनं मागून जाऊन त्यांचा हात धरला. "पडाल ना!" म्हणाली, आणि परत खुर्चीत आणून बसवलं. त्यांनी विरोध केला नाही. विरोध केला असता तर बरं झालं असतं. नंतरच्या वर्षांत त्या नीट जेवल्याही नाहीत. त्यांना काय पाहिजे होतं, हे माईनं कधी विचारलं नाही. त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणूनच बहुतेक.

खुर्चीत बसल्या बसल्या माईचं बोट वेतात गेलं. तिनं ते चटकन काढून घेतलं.

दारं वाळली, पुन्हा रंगली. शेवटचा हात देऊन टिल्लूनं ती बसवली. सुनेनं भिंतीलाही तोच पांढरा दिला, डब्यात उरला म्हणून. लोणच्याच्या, कॉफीच्या जुन्या बरण्या तिनं कधीपासून साठवून आणल्या होत्या. सगळ्यांची झाकणं पांढरी रंगवून तिनं त्यांत डाळी, साखर, चहा भरला. सगळ्या एकाच उंचीच्या, एका ओळीत.

"आणि माई, मी जरा मांडणी बदललीय. पीठ जड, ते पहिल्या दारात उंचावर कशाला? ते खाली घेतलं. ताटल्या पहिल्या दारात, तुमच्या हाताशी. चहा-साखर शेवटच्या, गॅसजवळ. सोपं पडेल ना?"

"हो गं," माई म्हणाली. "सोपं पडेल."

"दिसतंय कसं?"

माईसमोर एक भली मोठी पांढरी चादर टांगली होती. भिंत कुठे संपते, दार कुठे सुरू होतं, मूठ कुठे आहे, काही नाही. आधी काळोखात चार दारं तरी होती. आता उजेडात एकही नव्हतं.

"स्वच्छ वाटतंय," ती म्हणाली. वासावरून तेवढंच सांगता येत होतं.

सुनेनं रंगाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. "रंग अजून ओला आहे," मग ती म्हणाली. "उद्यापर्यंत हात नाही लावायचा. उद्या पहिला चहा तुमच्या हातचा."

उद्या. माईनं रात्रभर मनातल्या मनात नवी मांडणी घोकली, पण जुन्या चार ओळी मध्ये मध्ये घुसत. पहिल्या दारी ताटल्या म्हटलं की जीभ आपोआप पीठ म्हणे. यमकसुद्धा जुळेना.

सकाळी दोघं बाहेर पडली. टिल्लूला ओट्यावर लावायला दिवा आणायचा होता. अंधाराचं उरलंसुरलं कारणही मिटवायचं होतं. "येतोच अर्ध्या तासात," सून म्हणाली. "आल्यावर चहा."

दार लागलं, पावलं लांब गेली, तशी माई खुर्चीतून उठली. परीक्षेच्या आधी पोर पुस्तक उघडतं तशी. ओट्याच्या कडेला कंबर टेकवून उभी राहिली. हे अंतर तरी कुणी बदललेलं नव्हतं. उजवा हात वर केला. भिंत. जरा डावीकडे. अजून भिंतच, की दार? गुळगुळीत. आणखी वर. फट सापडली. फटीवरून बोटं खाली आणली, मूठ सापडली. ही पहिली की दुसरी? परत डावीकडे गेली, कोपऱ्यापासून सुरुवात केली. तळवा टेकवत, सरकवत. रंगाचा वास येत होता, बोटांना किंचित चिकटही लागलं, तेव्हा तिनं कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि पुन्हा सुरू केलं. खळगा शोधला. नव्हता. फुगलेली कड शोधली. नव्हती. चार मुठी, चारी सख्ख्या बहिणी, एकीनंही ओळख दाखवली नाही.

"पहिल्या दारी..." ती म्हणाली आणि थांबली. पुढचं येईना. आपण कुठे उभ्या आहोत, आपले हात कसे आहेत, कुणासारखे आहेत, हे तिच्या ध्यानात आलं. तिला वाटलं, आता मागून कुणीतरी येईल, हात धरील, "पडाल ना!" म्हणेल. मागे कुणी नव्हतं. ती स्वतःच जाऊन खुर्चीत बसली.

दोघं परत आली. टिल्लू आत आला आणि मोठ्यानं हसला.

"माई! अगं हे काय? गुन्ह्याच्या जागी बोटांचे ठसे सोडलेस की!"

माईला कळेना. मग कळलं. तिला न दिसणारं तिथं त्यांना दिसत होतं. तिनं हात फडक्यात लपवले, पण फडकंही पांढरं झालं असणार.

"कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत," टिल्लू म्हणत होता. "एक दार सोडलं नाहीस. लहान मुलाला ओला रंग दिसला की राहवत नाही, तसं."

"हो रे," माई म्हणाली. वाट आयती मिळाली होती. "राहवलं नाही. वाळला का ते बघत होते."

"असू दे, असू दे. एक हात मारला की झालं. दिव्याला वायर कमी पडतेय, घेऊन येतो." आणि टिल्लू गेला. जाताना डोकं चौकटीला आपटलं, "आई गं" म्हणाला, आणि गेला.

सुटले, असं माईला वाटलं. पण सून मागेच थांबली होती. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग ब्रशचा. वर, खाली. वर, खाली. आज ती गुणगुणत नव्हती.

"माई," ती ब्रश चालवत म्हणाली, "तुम्हाला नाही आवडलं ना?"

"अगं, असं काय बोलतेस?"

"खरं सांगा. मी काही रागावणार नाही. तुम्ही एकदाही 'छान दिसतंय' म्हणाला नाहीत. काल विचारलं तर म्हणालात, स्वच्छ. तो पट्टा नका काढू, तो खळगा नका बुजवू, म्हणत होतात, आणि आम्ही थट्टा केली. आता हे ठसे..." तिचा आवाज अडखळला. "राहवलं नाही म्हणून कुणी चारी दारांवर हात पुसत नाही. राग आला म्हणून पुसतं."

"राग नाही गं."

"आमच्या भाड्याच्या खोलीत भिंतीला खिळा मारायचा तरी मालकाला विचारावं लागतं. मला वाटलं, एक तरी स्वयंपाकघर आपल्या हातानं उजळावं. तुम्ही फोनवर अंधार म्हणालात ना, तेव्हापासून मी बरण्या साठवत होते. ऑफिसात हसायचे मला. आणि तुम्हाला जुनंच बरं वाटत होतं. एवढंच सांगायचं होतंत, माई. मला माणूस समजून सांगायचं."

ब्रश थांबला होता. सून रडत होती, पण आवाज होऊ देत नव्हती. नाक ओढल्याचं तेवढं कळलं.

माई खुर्चीत बसली होती. एक वाक्य, आणि ही पोर आत्ता शांत होईल. तेच वाक्य, आणि ओटा गेला. नाही सांगितलं तर दोघी आपापल्या जागी, मध्ये हा ओला पांढरा रंग, आणि ही आयुष्यभर समजणार की सासूनं आपलं काम पुसून टाकलं. माईचं बोट पुन्हा उसवलेल्या वेतात गेलं होतं. सासूबाई याच जागी बसून गप्प राहिल्या होत्या. त्यांचं गप्प राहणं माईनं समाधान समजून घेतलं होतं, सोयीचं होतं म्हणून. त्यांनी ओरडून सांगितलं असतं, भांडल्या असत्या, तर? कदाचित माईनं ऐकलं नसतं. कदाचित ऐकलंही असतं. आता कुणाला विचारायचं?

ती उठली. ओट्यापर्यंतचं अंतर पावलांना ठाऊक होतं. सुनेच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. सुनेच्या खांद्यावर जाईल असं वाटलं होतं. तो दारावर पडला, ओल्या रंगात, पाचही बोटांसकट.

"माई, अहो, आत्ताच तर..." सून म्हणाली आणि मध्येच थांबली. माईचा हात तिथंच होता. तो सरकत सरकत दाराच्या कडेला गेला, कडेवरून खाली, हवेत, मग सुनेच्या बाहीवर. तिथं त्यानं घट्ट धरलं.

"तुझं काम कसं झालंय ते मला माहीत नाही गं," माई म्हणाली. "मी बघितलंच नाही. मला दिसत नाही. अंधार या घरात नव्हता कधी, मी तुला फोनवर खोटं सांगितलं. ती बाटली माझी होती. रीळ चाचपलं की पीठ, पट्टा लागला की साखर, असं चाललं होतं माझं." तिनं श्वास घेतला. बाही सोडली नाही. "माझ्या सासूबाईंचे डोळे गेले, तेव्हा मी त्यांना इथून उठवून त्या खुर्चीत बसवलं. त्या म्हणाल्या होत्या, मी नुसती उभी राहते. मी तेवढंही राहू दिलं नाही. आजवर हे कुणाला सांगितलं नाही. तू मला काय करायचं ते कर, टिल्लूला सांग, डॉक्टरकडे ने. पण पोरी, मला इथं उभं राहू दे."